पाटावर मांडलेले आठ व्हॉल्व्ह

पंचवीस वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या सकाळी, निपाणीतल्या घरी, मी वडिलांच्या जुन्या मोटारीच्या इंजिनाचे आठ व्हॉल्व्ह रॉकेलात धुऊन पूजेच्या पाटावर मांडले. यंदा पूजेसाठी हत्यारं पुसताना तोच वास आला.

मोटार भंगारात विकावी, असं माझं म्हणणं होतं. थोरला भाऊ अण्णा विरोधात होता. दसऱ्याला सुरू झाली नाही तर विकायची, असं ठरलं आणि आमचं बोलणं थांबलं. अण्णानं आठ दिवस बसून काजळी खरवडली. एकेक व्हॉल्व्ह त्याच्याच जागेत पेस्ट लावून घासला आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून, प्रत्येकाशेजारी आकडा लिहून, क्रमानं खोवला. जागा बदलली की दाब गळतो, हे मला माहीत होतं. आकडेही मी वाचले होते.

त्या सकाळी अण्णा अंघोळ करून आला. कुंकू लावलेले व्हॉल्व्ह लहान-मोठे असे ओळीत चकाकत होते.

"कुणी काढलं हे?"

"मी. खंडेनवमी हाय न्हवं? पूजा केली."

"आता कुठला कुठं बसवू रं?"

"सगळे सारखेच दिसत्यात की."

"तुला दिसत्यात."

कुंकू पुसून त्यानं आठही पुन्हा घासायला घेतले. दसऱ्याच्या संध्याकाळी इंजिन अर्धवट जोडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला मोटार ओढून घेऊन गेला. व्हॉल्व्ह मात्र अण्णानं त्याला दिले नाहीत.