स्टँपकागदावर बाळीचा हात

कल्याणच्या रजिस्टर कचेरीच्या ओट्यावर बसून खरेदीखतं लिहून देणारे एक काका होते, त्यांचं नाव काही मी विचारलं नाही. टाक शाईत बुडवायचे आणि लिहायच्या आधी डोक्याला पुसायचे, पांढऱ्या केसांत निळा पट्टाच पडलेला. डोंबिवलीच्या नव्या दोन खोल्यांचे पैसे आम्ही कसेबसे जमवलेले, आणि मग कळलं की स्टँप वेगळा, रजिस्ट्रीची फी वेगळी. माझ्या पाटल्या मोडून स्टँपकागद घेतला. काकांनी खत लिहून पुरं केलं, आणि माझ्या कडेवरच्या बाळीनं अंगठे उठवायच्या शाईत हात घालून तो कागदावरच थापला! आमचे हे ओरडले, "अगं, लक्ष कुठे तुझं?" दुसरा स्टँप आणायचा कशातून? मी रडायलाच लागले.

काकांनी चष्मा वर केला. "रडतेस काय पोरी? अक्षरं सगळी वाचता येतायत. राहणारीनंच पहिली सही केली, एवढंच." खाडाखोड झाली की खाली लिहितात तसं त्यांनी सावकाश लिहिलं, समासात लहान मुलीच्या हाताचा डाग आहे, तो देणार-घेणार दोघांना मान्य.

आत साहेबांनी ते वाचून विकणाऱ्या शेठना विचारलं, "मान्य?" शेठ बाळीकडे बघून हसले. "मान्य."

धप्पकन शिक्का बसला. मी पळत बाहेर सांगायला गेले, तर काका दुसऱ्याचं खत लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "जा आता, घर झाडून घे."