मांडी घालायची नाही

आमच्या हुपरीच्या घरात खुर्ची होती, पण ती आल्यागेल्यासाठी. घरातल्यांचं सगळं आयुष्य जमिनीवर चालायचं. अव्वा, म्हणजे माझी आई, सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, पोतं अंथरून बसायची. समोर पाट आणि पाटावर चांदीच्या बारीक कड्या. एका पायाची मांडी घातलेली, दुसरा गुडघा उभा, त्यावर कोपर टेकलेलं. शेजारच्या बायका तिच्याभोवती तशाच बसून पैंजणं जोडायच्या आणि हात चालू ठेवून गावाची उणीदुणी काढायच्या. अव्वाचं तोंड सगळ्यांत जास्त चालायचं. भाजी निवडणं तिथंच, जेवण तिथंच, लिंगपूजाही तिथंच.

अप्पा, माझे वडील, गेले तेव्हा मी शाळेत होते. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवं करून नेतही नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, हातात लिंग देऊन मांडी घालून बसवतात, आणि तसंच बसलेलं मातीत देतात. अंग ताठायच्या आत पाय दुमडावे लागतात. अप्पा शेतावर एकटेच होते, कळायला उशीर झाला. काका आणि आणखी दोघे त्यांचे गुडघे दाबत होते, ते वाकत नव्हते. अव्वानं ते सगळं बघितलं. नंतर मला जवळ घेऊन म्हणाली, "माझ्या वक्ताला लौकर बसवा गं बाई. असली वडावड नको."

पुढं मी कोल्हापूरला फिजिओथेरपी शिकायला गेले. रोज एसटीनं जाऊन येऊन करायची. शरीरशास्त्राच्या वर्गात गुडघा आला तेव्हा मी त्याच्या प्रेमातच पडले. वरून मांडीचं हाड येतं, खाली नडगीचं, पुढं वाटी. मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या आणि आत एकमेकांना छेद देऊन जाणारे दोन बंध. लोक म्हणतात गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. अजिबात नाही. आपण खाली बसतो तेव्हा मांडीचं हाड नडगीच्या माथ्यावर मागं घरंगळतं आणि त्याच वेळी पुढं सरकतं. नुसतं घरंगळलं असतं तर मागच्या कडेवरून खालीच उतरलं असतं. पाय पूर्ण सरळ करताना शेवटी नडगी जराशी बाहेर वळते आणि सांधा घट्ट बसतो, म्हणून माणूस फारसं बळ न लावता उभा राहू शकतो. आणि जितका गुडघा जास्त वाकवावा तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला नसा नसतात, त्यामुळं ती झिजताना दुखत नाही. दुखायला लागतं तोवर बरीच झिजलेली असते.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पोत्यावर बसलेली अव्वा यायची. ती तेव्हा भिंतीला धरून उठायला लागली होती. "वाताचं हाय," म्हणायची आणि कसलं तरी तेल चोळायची.

दोन हजार साल उलटल्यावर तिचे पाय धनुकलीसारखे वाकले आणि मग तेलाचं नाटक संपलं. कोल्हापुरात दोन्ही गुडघे बदलले. हाडांची झिजलेली टोकं काढून धातू बसवला आणि मध्ये एक प्लास्टिकची चकती. डॉक्टर भले होते. त्यांनी तिला तिच्याच भाषेत सांगितलं, "आता चाला, फिरा, जिना चढा. पण मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. चकती झिजंल. जपून वापरलात तर लई वर्षं टिकंल."

"मग बसू कुठं?" अव्वानं विचारलं.

"खुर्चीवर."

अव्वा चालायला लागली. भाजी आणायला जायची, बसमध्ये एकटी चढायची. पण आल्यागेल्याची खुर्ची तिची झाली. बायका खाली, ही वर. खालच्या गप्पा तिच्यापर्यंत पोचायच्या, पण तिच्याशी कुणी बोलताना मान वर करायची, आणि काम करताना मान वर कोण करणार? पाटाऐवजी तिला टेबल आणून दिलं. त्यावर तिचा हातच बसेना. हळूहळू ती बोलायची कमी झाली. बायकांचा घोळका शेजारच्या घरी सरकला.

एकदा मी कामावरून आले तर ही बाई पलंगाला धरून खाली बसायच्या बेतात. माझा पारा चढला.

"अव्वा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"अगं बसतोय की गुडघा. दुखत न्हाय."

"दुखत नाही म्हणून तर झिजंल. मग परत कापायचं काय?"

ती खुर्चीवर गेली. पुन्हा कधी खाली बसायला गेली नाही. मी बरोबरच होते, आजही पेशंटना तेच सांगते. पण त्या दिवशी तिनं मला विचारलं, "मला मातीत देताना मांडी घालू देशीला न्हवं? का तवाबी चकती झिजंल?"

मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. तेव्हापासून तिच्या जिवाला तेवढाच घोर होता. सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला विचारायची, आमचे पुरोहित जंगम स्वामी आले की त्यांना विचारायची, लोखंडाच्या गुडघ्याचं माणूस बसतं काय म्हणून. स्वामी म्हणायचे, बसतं की. तिचा विश्वास बसायचा नाही. अप्पांचे गुडघे तिच्या डोळ्यांपुढून गेलेच नव्हते.

शस्त्रक्रियेला पाच वर्षंही झाली नव्हती. एका सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच ती गेली. हृदय बंद पडलं. मी घरातच होते.

आंघोळ झाल्यावर काका माझ्याकडं वळले. "गुडघ्याचं तुलाच कळतंय. तूच बसव."

मी तिच्या पायाशी बसले. टाचेखाली एक हात, गुडघ्याखाली दुसरा. मी उजवा पाय वाकवला. अडकेल, आता अडकेल म्हणत होते. तो वाकत गेला, जराही न कुरकुरता. टाच आत आणली, गुडघा बाहेर टेकला. मग डावा.

"बसला न्हवं?" काकांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना. सांधा अगदी नवा होता. एवढ्या वर्षांत तिनं तो जराही झिजू दिला नव्हता. अजून कितीतरी वर्षं चालला असता.