खालच्या मजल्यावरचा सिनेमा

कोबेला आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारा अमेरिकन आणि त्याची जपानी बायको राहायची. कंपनीने मला सॉफ्टवेअरच्या कामासाठी तिथे पाठवलं होतं. कचरा टाकायच्या सकाळी आमची खाली गाठ पडायची. जपानी मला तुटकंच यायचं, म्हणून इंग्रजी बोलणारा माणूस भेटला की बरं वाटायचं.

एकदा त्याने विचारलं, "तू कॉम्प्युटरवाला ना? इंटरनेटवर मला एक सिनेमा शोधून देशील? माझाच आहे."

तरुणपणी कॅलिफोर्नियात त्याने तो काढला होता. कसला, ते सांगताना त्याचा आवाज खाली आला. "उघड्या बायकांचा. गाडीत बसून बघायच्या थिएटरांत चालायचे तसला." तीन-चार मित्र, मागून आणलेला कॅमेरा, कुणाच्या तरी मावशीचं घर. निर्मात्याची अट एकच: थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी कपडे काढले पाहिजेत, मध्ये काय हवं ते करा. त्या 'मध्ये' त्याने एक प्रसंग घातला होता. नायिका समुद्रावर बसून बॉम्बहल्ल्यात जळालेल्या आपल्या गावाबद्दल बोलते, आईबद्दल बोलते. नायिका म्हणजे नाटक शिकायला तिकडे गेलेली एक जपानी मुलगी. गाव कोबे. बोलणं तिचं स्वतःचं. नंतर दोघांनी लग्न केलं आणि इकडे आले. सिनेमा पुन्हा त्याच्या हातून झाला नाही, तो इंग्रजी शिकवत राहिला.

"तेवढा एकच प्रसंग मी आयुष्यात चांगला केलाय," तो म्हणाला. "पण पडद्यावर पाहिला नाही. तसल्या थिएटरात जायची लाज वाटली."

बरंच शोधल्यावर एका अमेरिकन माणसाकडे त्याची व्हिडिओ कॅसेट सापडली. "ती आपल्या पत्त्यावर मागवायची नाही हं," माझी बायको म्हणाली. तशी ती त्याच्याच पत्त्यावर आली.

रविवारी दुपारी त्याने मला बोलावलं. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि ती सुपारीएवढ्या मोठ्या गाठी असलेली बोटं मांडीवर ठेवून बसली. पडद्यावर तीच, विशीतली, आंघोळ करत होती. मी कपात बघत राहिलो. तो मात्र पुढे सरकून बसला होता. "आता येईल. या दारातून ती बाहेर पडते आणि मग समुद्र."

ती दारातून बाहेर पडली. पुढच्या क्षणी ती एका पलंगावर होती. चेहरा दिसत नव्हता, आणि अंगही तिचं नव्हतं, दुसऱ्याच कुणा बाईचं.

त्याने कॅसेट मागे नेली. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागे नेली.

"पुरे करा," ती म्हणाली. "तो प्रसंग सिनेमात कधीच नव्हता, निर्मात्याने आधीच कापला होता. सिनेमा लागला तेव्हा मी जाऊन पाहिला होता. एकटीच गेले होते."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही तेव्हा किती खूश होता. मग वर्षं उलटत गेली, आणि सांगायचं राहिलंच."

टीव्ही बंद करायलाही कुणी उठलं नाही.

मूळ फिल्म तरी असेल म्हणून मी नंतर पत्रं पाठवली. जिथे ती धुतली होती ती लॅब बंद पडली होती, कुणीही न नेलेली रिळं फेकून दिली होती. हे मी त्याला दारात उभं राहून सांगितलं. त्याने मान हलवली, माझे आभार मानले. त्यानंतर कचऱ्याच्या सकाळी ती एकटीच खाली यायला लागली. तो शिकवायला जात नाही, दिवसभर पडून असतो, एवढं तिच्याकडून कळायचं.

पुढे माझी बदली टोकियोला झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा तो झोपला होता, निदान ती तसं म्हणाली. जिन्यात मी तिला विचारलं, "समुद्रावर तुम्ही काय बोलला होता?"

तिने बराच वेळ आठवून पाहिलं.

"वारा खूप होता," ती म्हणाली. "केस सारखे तोंडात जात होते. शब्द नाही आठवत."