खोट्या शिफारशीचा खरा माणूस

नोकरीत असताना बरेच गुन्हे उघडकीस आणले. त्यातली एक घटना मात्र आजही आठवते आणि आठवली की अपराधी वाटतं.

स्वातंत्र्यापूर्वीची गोष्ट. मी गोंदियाला सब-इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी हजेरी आटोपत असताना रेल्वेच्या कचेरीतले हेडक्लार्क तीन अर्ज घेऊन ठाण्यात आले. भरावाच्या कामावर मुकादम नेमायचे होते, त्यासाठी आलेले ते अर्ज. तिन्हींना एकाच इंग्रज इंजिनियरची शिफारस जोडलेली होती.

"हे साहेब विलायतेत वारले," हेडक्लार्क म्हणाले. "चिठ्ठ्यांवरची तारीख त्यानंतरची आहे."

"इतक्या अर्जांत हेच तीन तुमच्या नजरेत कसे आले?"

"साहेबाची चिठ्ठी असलेलेच अर्ज आम्ही वर काढतो. बाकीचे वाचायला वेळ कुणाला आहे?"

फिर्याद नोंदवली. अर्जदारांपैकी दोघे पत्त्यावर सापडले नाहीत. तिसरा नवेगाव बांधकडचा होता, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या घरातला. वय पस्तिशीचं, हात कुदळीनं घट्टे पडलेले. चिठ्ठी साहेबानंच दिली, यावर तो अडून बसला. साहेबाचं वर्णन विचारलं, तर त्याची लंगडी चाल, तंबाखूचा पाइप, शिव्या, सगळं बिनचूक सांगितलं. मी चक्रावलो.

तिन्ही अर्ज एकाच हातचे दिसत होते, म्हणून कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसावर माझा संशय होता. त्याला ठाण्यात बोलावून पंचांसमक्ष तोच मजकूर लिहायला लावला. 'सर्टिफिकेट' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तिन्ही चिठ्ठ्यांत एकच चूक होती. त्यानं लिहिताना तीच केली. कागद समोर धरल्यावर त्यानं लेखणी खाली ठेवली.

मग मी नवेगावच्या त्या माणसाला पुन्हा समोर बसवलं.

"साहेबाला ओळखत होतास, मग खोटी चिठ्ठी कशाला?"

"आठ वर्सं त्याच्या हाताखाली तलावाच्या पाळी बांधल्या, साहेब. तो चिठ्ठी न देताच गेला. पयले मी खराच अर्ज केला होता. जबाब नाही आला."

"त्यात काय लिहिलं होतं?"

"गरीब हावो, लेकरंबाकरं हायेत, दया करा."

"पाळी बांधल्याचं, मातीचे बांध घातल्याचं?"

"त्याचं काय लिवाचं? आमच्या घरी सबच बांधतेत."

मी खोदून विचारलं, तेव्हा तो बोलू लागला. माती कुठली घ्यावी, किती थरांनी दाबावी, पाणी पाझरू लागलं तर आधी कुठं हात घालावा. मी ऐकतच राहिलो. यातल्या चार ओळी जरी अर्जात असत्या, तर पुढं काय झालं असतं, हा विचार तेव्हाही माझ्या मनात आला होता.

त्यानं सगळं कबूल केलं होतं. त्याला साक्षीदार करून अर्जनवीसावर खटला भरता आला असता. पण माझ्या बढतीची शिफारस वर जायची होती. दोन आरोपींना शिक्षा झाली तर माझ्या नावापुढचा शेरा चांगला पडणार होता. मी दोघांचंही चलान करून त्यांना कोर्टात उभं केलं. दोघांनाही शिक्षा झाली. मला बढती मिळाली.

पुढं काही वर्षांनी अर्जुनीकडे दौऱ्यावर असताना तो दिसला. फुटलेली पाळ बांधायला दहा-बारा माणसं लागली होती आणि हा वर उभा राहून त्यांना सांगत होता. मी जवळ गेलो. त्यानं ओळखलं, रामराम केला.

मी म्हणालो, "रेल्वेत अजून माणसं घेताहेत. तुझा अर्ज मी स्वतः लिहितो. तू काय काय केलंस, सगळं लिहू."

त्यानं हातांवरची माती झटकली.

"जेलचं लिवाल का नाही लिवाल, साहेब?"

एवढं विचारून तो खाली उतरून माणसांत मिसळला.

गुन्हा शाबीत कसा करायचा, हे आम्हाला खात्यानं शिकवलं. माणूस त्या गुन्ह्यापर्यंत कशामुळे आला, हे जबाबाच्या कागदात कुठं विचारलेलं नसतं. ते आपण होऊन विचारावं लागतं. मी विचारलं होतं. उत्तरही मिळालं होतं. त्याप्रमाणे वागलो मात्र नाही.