देव्हाऱ्यातला चिनी घोडा

माझ्या मालकांनी तो घोडा इथे इंग्लंडात, लेस्टरच्या एका चॅरिटी शॉपमधून, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणला होता. मातीचा, वर काचेसारखी चकाकी. पिवळा, तपकिरी आणि हिरवा रंग एकमेकांत ओघळलेले. पाठीवर खोगीर, पण स्वार नाही. आमचं कुलदैवत खंडोबा. तो पिवळा रंग बघून मला भंडाराच आठवला आणि मी घोडा देव्हाऱ्यात ठेवला.

हे हसले. "अगं, खंडोबाचा घोडा पांढरा. हा चिनी आहे."

तरी दर रविवारी मी त्याच्यावर भंडारा वाहायचे. हे हॉस्पिटलात गेल्यावर मी रोज वाहू लागले.

एका दुपारी नर्सने आम्हाला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. मुलगी मला जवळच्या म्युझियममध्ये घेऊन गेली. काचेच्या कपाटात आमचाच घोडा, फक्त मोठा आणि फार जुना. शेजारी मातीचेच उंट, आणि बाह्यांत हात घालून उभे असलेले नोकर. त्यांचे कपडे चकचकीत होते. तोंडं मात्र कोरडी, रंग उडालेली.

मुलगी इथेच वाढलेली. पाटी वाचून म्हणाली, "आई, हे सगळा कबरीत ठेवायचे. मेलेल्या माणसाला तिकडे लागेल म्हणून. आपला फक्त कॉपी आहे."

घरी येऊन घोडा देव्हाऱ्यातून काढला, पुसला, जुन्या पातळात गुंडाळून मागच्या शेडमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात यांनी विचारलं, "घोडा काय म्हणतोय?"

मला लपवता आलं नाही. सगळं सांगितलं. वाटलं, घाबरतील. ते हसले आणि खोकला आला.

"मग तो माझाच की. चालत कुठवर जाऊ? दे माझ्याबरोबर."

"असं बोलू नका हो."

"दे म्हटलं ना."

त्याच आठवड्यात ते गेले. मी घोडा पिशवीतून घेऊन गेले. अंत्यविधीचं बघणाऱ्या माणसानं तो हातात धरून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. मुलगी म्हणाली, "मातीचं चालत नाही, आई. आत भट्टीत फुटतं." मी एकदा विनवायला हवं होतं. पण परक्या माणसापुढे माझं तोंड उघडत नाही. घोडा पिशवीतून परत आला.

आता तो त्यांच्या खुर्चीशेजारी, खिडकीत असतो. देवापाशी ठेवायला मन होत नाही.

"चॅरिटीला देऊया का?" मुलीनं विचारलं.

"राहू दे," म्हटलं.

खोगिराच्या खाचेत अजून भंडारा आहे. मीही फार घासत नाही. हे पायीच गेले.