आकाशपाळण्यातली कमिटी

"लाल नको. पिवळा कर."

"साहेब, तो लालच आहे."

"अगं, रंगच तर आहे. कमिटीतल्या त्या तिघांना लाल दिसलं की घाम फुटतो. परवापासून शाळांना सुट्टी, बाग उघडतेय, आणि तुझ्या रिपोर्टात काय, तर आकाशपाळणा धोक्याचा."

"मी फक्त धोका दाखवते. पाळणा फिरवायचा की नाही, ते कमिटी ठरवेल."

"मुलीसारखं मानतो मी तुला."

"म्हणून तिकीटखिडकीवर बदली करताय?"

साहेबांनी बदलीचा कागद हवेत फडफडवला. "पिवळा केलास तर आत्ता फाडतो."

आणि नेमकं तेव्हाच तिला हसू फुटलं.

भीती वाटली की हसू येणं ही तिची जन्माची खोड. शाळेत निकालाच्या दिवशी खिदळून तिने बाईंचा मार खाल्ला होता. घरी बाथरूममधून खिदळणं ऐकू आलं की नवरा चौकशी न करता झाडू घेऊनच आत शिरायचा, झुरळ असणार. खेळण्यांच्या बागेच्या या कंपनीत ती अंतर्गत ऑडिटची प्रमुख होती. बाकीचे जे करतो म्हणतात ते खरंच करतात का हे बघायचं आणि ऑडिट कमिटीला सांगायचं, हे तिचं काम. कमिटीतले तिघेही बाहेरचे, बाग चालवणाऱ्या साहेबांच्या हाताखालचा एकही नाही. बागेत तिला सगळे हसूबाई म्हणायचे, तेही तोंडावर.

बाग रंगकामासाठी बंद झाली तेव्हाच तिने पाळणा तपासायला घेतला होता. रोजच्या तपासणीत खोट नव्हती. मेकॅनिक पाळणा थांबवून, रिकाम्या डब्याची कडी ओढून बघायचे; कडी घट्ट. पण रिकाम्या, थांबलेल्या डब्यात बसायला कोण येतं? म्हणून उंचीला टरकणारी हसूबाई स्वतःच चढून बसली. जमीन सुटली तशी ती खुदखुदायला लागली. निम्म्यावर गेल्यावर पोट धरून हसत होती, तिच्या हसण्याने डबा झुलत होता, आणि ऐन टोकाला कडी टक्कन उडाली. दार सताड उघडं. पलीकडच्या दांडीला मिठी मारून ती हसत हसतच खाली आली.

"बाईंना आवडलेला दिसतोय पाळणा," खालचा चालक म्हणाला.

बाकीचे डबे तिने जमिनीलगत आणवून हलवून पाहिले. निम्म्यांची तीच तऱ्हा.

तिने रिपोर्टातला लाल लालच ठेवला. दुसऱ्या दिवशी कमिटीच्या बैठकीत साहेबांनी पडद्यावर आपला तक्ता लावला. सगळे खेळ हिरवेगार. "आता ऑडिटचं ऐकू," अध्यक्षबाई म्हणाल्या. एका बँकेचा कारभार सांभाळून निवृत्त झालेल्या या बाई आवाज कधी चढवत नसत. हसूबाई उभी राहिली, "पाळण्याची कडी" एवढंच म्हणाली आणि फिसकन हसली.

"बघा," साहेब म्हणाले, "यांनाच हे गंभीर वाटत नाही."

"साहेब, तुम्ही जरा बाहेर बसा. दर बैठकीत आम्ही ऑडिटवाल्यांशी थोडं एकटं बोलतो, तेवढं आत्ताच उरकू."

दार लागलं. हसूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तुम्ही खूश आहात की घाबरलाय?"

"घाबरलेय."

"पाळण्याला?"

"साहेबांना जास्त."

मग तिने कडीपासून बदलीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

कमिटीतले इंजिनिअर ताडकन उठले. "चला, बघूनच येऊ."

"आपलं काम देखरेखीचं," वकील म्हणाले. "डब्यात बसायचं नव्हे."

"मग बसून देखरेख करा," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि मागच्या दाराने निघाल्यासुद्धा.

सर्वांत खालचा डबा गवताला जवळजवळ टेकला होता. तिघे दाटीवाटीने बसले. चालकाने कडी लावली, ओढून दाखवली. घट्ट.

"आता हसा," हसूबाई म्हणाली.

"कशाला?" वकिलांनी विचारलं.

"गिऱ्हाइकं हसतात म्हणून."

"असं ठरवून हसू येत नाही हो मला."

"ते आम्हाला माहीत आहे," अध्यक्षबाई इतक्या शांतपणे म्हणाल्या की इंजिनिअरांना ठसका लागला. ठसक्याचं हसू झालं, डबा हलला, इंजिनिअरांचं डोकं टपावर आपटलं, ते बघून वकिलांच्या तोंडून चिमणीसारखा चिवचिवाट निघाला, आणि मग कुणीच कुणाला आवरेना. डबा झोपाळ्यासारखा झुलला. टक्कन कडी उडाली आणि वकील फाइलसकट गवतावर.

"माझी हरकत मागे घेतो," ते आडव्यानेच म्हणाले.

साहेब धापा टाकत आले. "हे काय चाललंय?"

"देखरेख," अध्यक्षबाई केस सारखे करत म्हणाल्या. "पाळणा बंद. नव्या कड्या लागून, हलत्या डब्यात वजन ठेवून तपासणी झाल्याशिवाय एकही माणूस बसणार नाही. तपासणारे तुमचे, हिरवा रंग देणारे तुमचे, आणि पाळणा फिरला की बोनसही तुमचाच. ही गाठ पुढच्या बैठकीत सोडवू."

"अहो, पण सुट्टीची गर्दी..."

"गर्दीचीच तर काळजी आहे. आणखी एक. यांची नेमणूक कमिटीने केली आहे. बदली करताना कमिटीला विचारलंत?"

हसूबाईला आता अजिबात हसू येत नव्हतं, आणि त्याचंच तिला नवल वाटत होतं. वकील गुडघ्यावरचं गवत झटकायचे थांबले.

साहेबांनी हातातल्या बदलीच्या कागदाची घडी घातली. त्या घडीची आणखी बारीक घडी घातली, ती खिशात कोंबली आणि कुणाकडेही न बघता ते फाटकाकडे चालू लागले.