दादाच्या घोट्यातला स्क्रू

कृत्रिम पाय बनवायच्या कार्यशाळेत तिला सगळे ताई म्हणत. तिचा सख्खा भाऊ मात्र तिला अजूनही छकुली म्हणायचा. पन्नाशी उलटलेल्या, कोपरापर्यंत प्लास्टरची भुकटी लागलेल्या बाईला कुणी दारातून "छकुले!" अशी हाक मारली, की बाकीचे कारागीर माना खाली घालून हसायचे.

त्या सकाळी दादा आला तो भिंत धरत.

"नवे बूट घेतलेत," तिने विचारायच्या आधीच त्याने सांगून टाकलं.

बुटांना चांगली उंच टाच होती. टाच उंचावली की बनावट पायाची नळी पुढे झुकते आणि माणूस तोंडावर पडायला बघतो. घोट्यातला एक स्क्रू सैल करून समोरचा आवळला, की काम झालं. ताईने पान्हा लावला. स्क्रू ढिम्म हलेना. जोर लावला, तर पान्हाच घसरायला लागला. तिने हात आवरता घेतला. खाच झिजली असती तर सगळाच घोटाळा. वाकून पाहिलं, तर आट्यांच्या कडेला लाल रेघ दिसली.

"दादा, यात काय ओतलंस?"

दादा छताकडे बघू लागला. "चालताना टिकटिक वाजत होता. मग जरासा गोंद..."

"जरासा? हा इंजिनाच्या स्क्रूंना लावतात! मला सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलली असतीस."

"मग आता काय ओव्या गातेय?"

खरं तर या कामात ती आली ती भांडायलाच. तरुणपणी लाकडाच्या वखारीत दादाचा पाय गेला. मिळालेला पहिला पाय असा टोचायचा, की त्याने तो कपाटावर फेकला आणि खिडकीशी बसून राहिला. कुणाशी बोलेना, जेवायला उठेना. तेव्हा ती पिशव्या शिवायची. एक दिवस तिने तो पाय चादरीत गुंडाळला आणि तणतणत इथे आली. तेव्हाच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठे टोचतो, बोट ठेवून दाखवा." तिला कुठे ठाऊक होतं! ती घरी गेली, दादाला विचारून परत आली. मग पुन्हा गेली, पुन्हा आली. शेवटी मिस्त्री म्हणाले, "एवढे हेलपाटे घालताच आहात, तर कामच शिका की." ती शिकली. दादाचे नंतरचे सगळे पाय तिच्याच हातचे.

"काढ तो पाय," ती आता म्हणाली. "तापवायचाय."

"असू दे अंगावर. मला थोडंच भाजणार आहे?"

बाजूचा कारागीर फिस्सकन हसला. ताईलाही हसू आवरेना. तिने पाय टेबलावर घेतला, खालचं पाऊल ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि सोल्डरिंगच्या सळईचं तापलेलं टोक स्क्रूच्या खाचेत धरलं. उष्णता नेमकी स्क्रूलाच लागायला हवी होती. दादा बाकावरून मान लांब करून बघत होता. गोंदाचा उग्र वास सुटला, तसा तिने झटकन पान्हा बसवला आणि धसमुसळेपणा न करता एकसारखा जोर देत राहिली. कट्ट! स्क्रू हलला. मग मुकाट बाहेर आला.

तिने आटे घासून साफ केले, नवा स्क्रू बसवला, पाय पुन्हा चढवला आणि दादाला चालवून चालवून कोन जुळवला. शेवटी कमी पकडीच्या निळ्या गोंदाचा एक थेंब लावला.

"हा सुटेल ना?" दादाने हळूच विचारलं.

"न तापवता, हातानेच सुटतो. पण माझ्या हाताने. तू लांब राहायचंस."

दादाने चालायच्या सरावासाठी लावलेल्या कठड्यांच्या मधून एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीत कठडा सोडला आणि बोलता बोलता सरळ दाराबाहेर पडला. ताई हात पुसत पायरीवर आली. ऊन छान पडलं होतं. रस्त्याच्या टोकाला वळून तो परत आला, तेव्हा घामेजला होता, पण चेहरा खुलला होता.

"अजून एक चक्कर मारून येतो गं."

"ये," म्हणत ती पायरीवर टेकली.